कार्टिलेजवर इम्पॅक्ट दिला की प्रेशर बुद्धिबळाच्या पटासारखं येतंय? आधी टाईम स्टेप कमी करणं थांबवा

हा प्रॉब्लेम दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याच मॉडेलला काहीतरी झालंय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

लक्षणं अशी. कॉम्प्युटरवर फायनाइट एलिमेंट मॉडेल आहे, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट, सगळे मिळून मेश) पाडून गणित सोडवायचं. त्यात कार्टिलेजचा, म्हणजे सांध्यात हाडाच्या टोकावर असणाऱ्या कूर्चेचा, छोटा तुकडा (प्लग) आहे, समजा २ मिमी जाड, खाली हाडाला चिकटलेला, वरून एक कडक इम्पॅक्टर ५-१० मिलिसेकंदात दाबून परत जातो. मटेरियल बायफेजिक, म्हणजे घन जाळी अधिक पाणी. रन सुरू होतो, पहिल्या काही स्टेपमध्येच फ्लुइड प्रेशर एका थरात प्लस, खालच्या थरात मायनस, त्याखाली परत प्लस. कंटूर (प्रेशरचा रंगीत नकाशा) बघितला तर लाल-निळे चौकोन. मग सॉल्व्हर कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तर एका जागी बसत नाही, ऑटो स्टेपर टाईम स्टेप (गणित एका वेळी किती वेळ पुढे जातं ती पायरी) अर्धी करतो, परत नाही, परत अर्धी, आणि शेवटी निगेटिव्ह जेकोबियन (एलिमेंट उलटं झालं) म्हणून रन मरतो. तुम्ही सकाळी येता, लॉग फाईल उघडता, ०.३ मिलिसेकंदाला गाडी अडकलेली.

आमच्याकडचा ज्युनिअर पोरगा गेल्या महिन्यात हेच घेऊन आला. "दादा, टाईम स्टेप दहा पट कमी केली तरी तसंच येतंय, उलट वाढलंय." म्हटलं, बरोबर आहे, वाढणारच. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी चेष्टा करतोय. पण मी स्वतः याच खड्ड्यात तीन आठवडे काढलेत. आपल्याला सवय लागलेली असते की डायनॅमिक काही असलं आणि बिघडलं की टाईम स्टेप बारीक करायची, आणि इथे नेमकं तेच औषध विष होतं.

आधी कारण बघा, नाहीतर पुढचं सगळं जादूटोणा वाटेल.

कार्टिलेजमध्ये वजनाच्या साधारण ६५ ते ८० टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः टाईप २ कोलॅजनचे तंतू आणि प्रोटिओग्लायकन. मटणाच्या दुकानातून शेळीचा गुडघा आणून सांधा उघडून बघा, हाडाच्या टोकाला निळसर पांढरं चकचकीत अस्तर दिसतं, नख दाबलं तर रबरासारखं लागतं. पाणी आत आहे पण ते सहज बाहेर पडत नाही, कारण जाळी इतकी दाट की परमिएबिलिटी (पाणी किती सहज वाहतं तो आकडा) १० च्या उणे १५ व्या किंवा उणे १६ व्या घाताच्या आसपास, एकक मीटरचा चौथा घात भागिले न्यूटन-सेकंद. १९८० मध्ये व्हॅन मॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायफेजिक थिअरी मांडली ती हेच पकडायला, की भार आधी पाणी उचलतं आणि ते हळूहळू झिरपलं की मग जाळीवर येतो.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो ना, तसं आहे हे. रात्रभर थेंब थेंब करून पाणी निथळतं तेव्हा सकाळी चक्का मिळतो. त्याच गाठोड्याला एक फटका मारला तर फटक्याच्या त्या क्षणात पाणी गळणार आहे का? नाही. गाठोडं फक्त बाजूला फुगेल. इम्पॅक्टमध्ये कार्टिलेज तेच करतं.

आता आकडे घाला. मिमी, न्यूटन, सेकंद, मेगापास्कल अशी एककं धरू. अ‍ॅग्रिगेट मॉड्युलस (बाजूने कोंडलेल्या जाळीचा, पाणी निथळल्यावरचा ताठपणा) ०.६ मेगापास्कल, परमिएबिलिटी ०.००१. दोघांचा गुणाकार ०.०००६ चौरस मिमी दर सेकंद, हा तुमचा डिफ्युजनचा आकडा. जाडीचा वर्ग म्हणजे ४, भागिले हा आकडा, आलं साधारण ६७०० सेकंद. म्हणजे पूर्ण जाडीतून पाणी निथळायला जवळजवळ दोन तास. आणि तुमचा इम्पॅक्ट किती? १० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पाण्याची हालचाल पृष्ठभागापासून किती खोल पोचते ते बघायला डिफ्युजनच्या आकड्याला वेळेने गुणून वर्गमूळ काढा, उत्तर साधारण २.४ मायक्रॉन. २००० मायक्रॉनमधले २.४! तुमचं एलिमेंट १०० मायक्रॉनचं. म्हणजे जे काही घडतंय ते पहिल्या एलिमेंटच्या वरच्या पापुद्र्यात घडतंय आणि मेशला ते दिसतच नाहीये. वर प्रेशर शून्य, लगेच खाली पूर्ण प्रेशर, ही उडी मेशला रेखाटता येत नाही म्हणून ती वर-खाली हेलकावे खाते.

सिव्हिलवाल्यांना हे आपल्या आधीपासून माहीत आहे. ओल्या चिकणमातीचं कन्सॉलिडेशन (पाणी निथळून खचणं) आणि कार्टिलेजचं कन्फाईन्ड कॉम्प्रेशन (बाजूने कोंडून दाबणं) ही गणितात सख्खी भावंडं. व्हर्मीर आणि व्हेरुइट यांनी १९८१ मध्ये यासाठी एक अट दिली, ती आपल्याला उलटी वाटते कारण ती टाईम स्टेपची खालची मर्यादा आहे, वरची नाही. एलिमेंटच्या जाडीचा वर्ग भागिले डिफ्युजनच्या आकड्याची सहा पट, स्टेप याच्यापेक्षा मोठी पाहिजे (वेळेत पुढे जायला बॅकवर्ड ऑयलर ही पद्धत धरून). १०० मायक्रॉनच्या एलिमेंटला घालून बघा: ०.०१ भागिले ०.००३६, म्हणजे २.८ सेकंद. दोन पूर्णांक आठ सेकंद! तुमचा अख्खा इम्पॅक्ट ०.०१ सेकंदाचा आणि तुम्ही स्टेप घेताय ०.०००१ ची. मर्यादेच्या अठ्ठावीस हजार पट खाली. आणि ऑटो स्टेपर काय करतोय, कन्व्हर्ज झालं नाही की अजून खाली ढकलतोय, त्यामुळे अजून हेलकावे, म्हणून परत कन्व्हर्ज नाही. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्येही हीच अट दिलेली आहे, फक्त आपण ते पान वाचत नाही.

आता उपाय. माझ्या मते दोनच खरे आहेत, आणि कुठला घ्यायचा ते तुम्हाला उत्तर काय पाहिजे त्यावर आहे.

पहिला, आणि दहापैकी आठ जणांना हाच पुरतो: इम्पॅक्टच्या भागापुरतं बायफेजिक सोडून द्या. पाणी हलतच नसेल तर कार्टिलेज त्या वेळेपुरतं इनकॉम्प्रेसिबल (आकारमान न बदलणारं) इलॅस्टिक असल्यासारखंच वागतं. हे काही मी घरी बसून काढलेलं नाही, अटेशियन, एलिस आणि वाइस यांनी २००७ मध्ये हे व्यवस्थित दाखवलंय की बायफेजिकचा शॉर्ट टाईम प्रतिसाद आणि इनकॉम्प्रेसिबल इलॅस्टिकचा प्रतिसाद एकच. (यातले अटेशियन कोलंबियाचे आणि वाइस युटाचे, फेबायो हे सॉफ्टवेअर याच दोघांच्या ग्रुपमधून आलं, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारेच सांगतायत की इथे बायफेजिक लावायची गरज नाही.) रन तासांवरून मिनिटांवर येतो. मॉडेल सोपं केलं म्हणून व्हायव्हामध्ये कुणी नाक मुरडलं तर त्याला वरचा २.४ मायक्रॉनचा हिशोब दाखवा.

पण यात लोक दोन ठिकाणी हमखास आपटतात.

एक म्हणजे पॉयसन रेशो (दाबलं की बाजूला किती फुगतं तो आकडा, ०.५ म्हणजे पूर्ण इनकॉम्प्रेसिबल). "०.४९ घातलंय की, जवळजवळ इनकॉम्प्रेसिबलच आहे." नाही हो. सुटा रबराचा ठोकळा असता तर चाललं असतं, पण हा पातळ थर हाडाला चिकटलेला आहे, बाजूला पळायला जागा नाही. अशा कोंडलेल्या थराचा ताठपणा यंग्स मॉड्युलस १ धरला तर ०.४९ ला साधारण १७ येतो आणि ०.४९९ ला साधारण १६७. दशांश स्थळ एक वाढलं आणि ताठपणा दहा पट. तुमच्या इम्पॅक्टरची रुंदी थराच्या जाडीच्या मानाने जितकी जास्त तितकं हे जास्त बोचतं. म्हणून नंबर हाताने घालण्यापेक्षा अनकपल्ड मटेरियल (आकारमानाचा आणि आकाराचा बदल वेगळा धरणारं) घ्या, बल्क मॉड्युलस शिअरच्या हजारेक पट ठेवा आणि रननंतर जेकोबियन (आकारमान मूळच्या किती पट झालं तो आकडा) १ पासून एका टक्क्याच्या आत राहिला का ते तपासा. साधे फुल इंटिग्रेशनचे हेक्स (विटेसारखे एलिमेंट) इथे लॉक होतात, म्हणजे खोटे ताठ होतात, फेबायो अनकपल्डसाठी थ्री-फील्ड हेक्स वापरतं म्हणून ते वाचतं, अबॅकसमध्ये हायब्रिड एलिमेंट घ्यायला विसरू नका.

दुसरं, मॉड्युलस. पुस्तकात बघून ०.६ मेगापास्कल उचलायचा आणि २० मेगापास्कलचा फटका द्यायचा, मग ८० टक्के स्ट्रेन येऊन एलिमेंट उलटे झाले की फोन करायचा. ०.६ हा पाणी निथळून सगळं शांत झाल्यानंतरचा आकडा आहे, तो मंद परीक्षेचा निकाल आहे. फटक्यात कार्टिलेज ताठ होतं त्यातला मोठा वाटा कोलॅजनच्या तंतूंचा, कारण वरून दाबलं की ते बाजूला फुगायला जातं आणि आडवे तंतू त्याला पट्ट्यासारखे आवळून धरतात. तंतू फक्त ताणात काम करतात, दाबात दोरीसारखे ढिले. हे मॉडेलमध्ये नसेल तर काय होतं त्याची एक छान खूण आहे: साध्या आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांना सारख्या) बायफेजिकमध्ये अनकन्फाईन्ड कॉम्प्रेशन (बाजू मोकळ्या ठेवून दाबणं) केलं तर सुरुवातीच्या क्षणाला पाणी फक्त एक तृतीयांश भार उचलतं. प्रयोगात हा वाटा ९० टक्क्यांच्या पुढे मोजलेला आहे. तुमच्या मॉडेलमध्ये ३३ टक्के येत असेल तर मेश, कॉन्टॅक्ट, सॉल्व्हर कशालाही हात लावू नका, आधी तंतू घाला. वरच्या थरात पृष्ठभागाला समांतर, मधे वळणारे, खाली हाडावर उभे, बेनिंगहॉफने १९२५ मध्ये काढलेल्या कमानींसारखे.

आणि हो, इनकॉम्प्रेसिबल केल्यावर मीन स्ट्रेस म्हणजेच फ्लुइड प्रेशर असं सरसकट लिहून टाकू नका. तंतू ताणलेले असतील तर त्यांचा ताण मीन स्ट्रेसमध्ये मिसळलेला असतो, तो वेगळा काढला की खरं प्रेशर त्याहून जास्तच निघतं.

दुसरा उपाय त्यांच्यासाठी ज्यांना पाण्याची हालचाल खरंच पाहिजे, म्हणजे पृष्ठभागाजवळच्या पेशींचं काय होतं ते बघायचंय किंवा फटक्यानंतर तोच भार अर्धा तास ठेवायचाय. इथे मेश पृष्ठभागाकडे दाट करा. ०.१ मिलिसेकंदाच्या स्टेपला वरची अट उलटी फिरवली तर एलिमेंट ०.६ मायक्रॉनपेक्षा पातळ पाहिजे. ऐकून धडकी भरते, कार्टिलेजची पेशीसुद्धा १० मायक्रॉनच्या आसपास असते. पण सगळीकडे इतकं बारीक नकोच ना, उडी फक्त जिथून पाणी बाहेर पडतं तिथे आहे. पहिला थर अर्धा मायक्रॉन आणि पुढचा प्रत्येक दीडपट केला तर २ मिमी भरायला फक्त १९ थर लागतात. त्या पोराच्या मेशमध्ये आधीच २० होते! तेवढेच एलिमेंट, फक्त वाटणी वेगळी. हे त्याला कागदावर करून दाखवलं तेव्हा तो पाच मिनिटं काही बोलला नाही.

याची किंमत आहे. वरचे एलिमेंट कागदासारखे चपटे होतात, १०० मायक्रॉन रुंद आणि अर्धा मायक्रॉन जाड, इम्पॅक्टरच्या कडेखाली ते तिरके झाले की परत निगेटिव्ह जेकोबियन. आणि कडेला मेश आडवीही दाट करावी लागते. शिवाय डिस्प्लेसमेंट आणि प्रेशर दोन्हीला एकाच ऑर्डरचे एलिमेंट असतील तर पृष्ठभागापासून लांब, आतल्या भागातही थोडा बुद्धिबळाचा पट शिल्लक राहू शकतो, कारण पाणी न हलणाऱ्या टोकाला ती जोडी मुळातच डळमळीत आहे. तिथे डिस्प्लेसमेंट क्वाड्रॅटिक आणि प्रेशर लिनियर घेतलं की बसतं.

आता बाकीच्या गोष्टी, ज्या प्रॉब्लेम वाटत नाहीत पण असतात.

एककं. १० चा उणे १५ वा घात हा आकडा मीटरमधला आहे. मिमीमध्ये आणताना मीटरचा चौथा घात म्हणजे १० चा १२ वा घात, म्हणून ०.००१ येतो. एकाने तो उणे १५ तसाच मिमीच्या मॉडेलमध्ये घातला होता आणि महिनाभर कार्टिलेज काचेसारखं का वागतंय ते शोधत होता. अबॅकसवाल्यांना अजून एक फास आहे, तिथे परमिएबिलिटी म्हणजे वेगाच्या एककातला आकडा, आपला आकडा गुणिले पाण्याचं स्पेसिफिक वेट. ते वजन १ ठेवलं तर आपला आकडा सरळ घालता येतो, पण ते दोन्हीकडे जुळलं पाहिजे.

ड्रेनेजची अट. धातूचा घट्ट इम्पॅक्टर असेल तर त्याच्या खाली पाणी बाहेर येऊ शकत नाही, तरी लोक अख्ख्या वरच्या पृष्ठभागाला प्रेशर शून्य देऊन मोकळे होतात. मग तुम्ही जिथे उडी नाहीच तिथे स्वतःच्या हाताने उडी तयार करता. कॉन्टॅक्टच्या आत सील आणि बाहेर मोकळं, हे बायफेजिक कॉन्टॅक्टला सांभाळू द्या.

भार कसा देता. लोड सेलचा फोर्स-टाईम कर्व्ह पहिल्या स्टेपपासून लावला आणि इम्पॅक्टर अजून एक केसभर वर असेल तर त्याला धरायला कुणीच नाही, तो उडून जातो. आधी डिस्प्लेसमेंटने हलकं टेकवा, मग फोर्स.

इनर्शिया घ्यायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. थराच्या पुरतं उत्तर सोपं आहे. दाबाची लाट कार्टिलेजमध्ये साधारण १६०० मीटर दर सेकंद पळते, २ मिमी ओलांडायला सव्वा मायक्रोसेकंद. शिअरची लाट खूप हळू, पण १ मेगापास्कलचा शिअर मॉड्युलस धरला तरी ६०-७० मायक्रोसेकंदात पार. फटका ५-१० मिलिसेकंदांचा, म्हणजे लाटा कितीतरी वेळा येऊन जाऊन शांत होतात, थर क्वासी-स्टॅटिक (लाटा न धरता, प्रत्येक क्षणी जणू स्थिर) चालतो. इम्पॅक्टरचं वजन आणि त्याचं उसळणं पाहिजे असेल तर ते वेगळं. आणि एक्स्प्लिसिट पद्धतीत (अगदी छोट्या स्टेपने थेट पुढे जाणारी) जाणार असाल तर खरा पाण्याचा बल्क मॉड्युलस घालू नका, ५० मायक्रॉनच्या एलिमेंटला स्थिर स्टेप ३० नॅनोसेकंदाच्या आसपास येते आणि १० मिलिसेकंदाला तीन लाखांवर स्टेप.

आता ज्या गोष्टीवर खरं भांडण होतं ती: पीक स्ट्रेस. सपाट तोंडाचा, धारदार कडेचा इम्पॅक्टर घेतलात तर कडेखाली सिंग्युलॅरिटी आहे, म्हणजे गणितात तिथे स्ट्रेस अनंताकडे जातो. मेश अर्धी केली की पीक साधारण १.४ पट, परत अर्धी केली की परत १.४ पट, तुम्ही मेश कन्व्हर्जन्सचा ग्राफ काढत बसाल आणि तो कधीच सपाट होणार नाही. खऱ्या इम्पॅक्टरच्या कडेला थोडी तरी गोलाई असतेच, ती मोजा आणि घाला. तोपर्यंत कडेवरच्या एका नोडचा आकडा कुणाला सांगू नका.

आणि तो आकडा कशाशी लावून बघणार? रेपो आणि फिनले यांनी १९७७ मध्ये नियंत्रित फटके देऊन साधारण २५ मेगापास्कलच्या वर पेशी मरतात असं दाखवलं, तेव्हापासून सगळे २५ वर लाल रंग भरतात. पण १९८६ मध्ये हॉज आणि सहकाऱ्यांनी सेन्सर लावलेल्या कृत्रिम खुब्यातून मोजलं तेव्हा नुसतं खुर्चीवरून उठताना १८ मेगापास्कलपर्यंत दाब आला होता. खुर्चीवरून उठल्याने कुणाच्या कार्टिलेजला रोज चिरा पडत नाहीत. सगळीकडून सारखा दाब असला तर तो पाणी झेलतं, नुकसान होतं ते कॉन्टॅक्टच्या कडेला पृष्ठभागावर येणाऱ्या ताणाने आणि खाली हाडाच्या जोडावरच्या शिअरने, आणि ते किती पटकन आलं त्याने. त्यामुळे फॉन मायसेसचा (सगळे स्ट्रेस एका आकड्यात आणणारं माप) एक रंगीत फोटो चिकटवण्यापेक्षा या दोन जागांचे ग्राफ वेगवेगळे काढा. मायसेसचं माप मुळात धातूंसाठी आहे, तंतूंच्या जाळीला ते लावायचं म्हणजे डाळ मीटरपट्टीने मोजण्यासारखं.

शेवटी त्या पोराचा दुसरा फोन. दाट मेश घालून रन पूर्ण झाला, पण इम्पॅक्टर वर उचलल्यावर पृष्ठभागाजवळ परत थोडं निगेटिव्ह प्रेशर दिसतंय, म्हणजे चुकलंच ना? म्हटलं, कंटूरचं स्मूदिंग बंद कर, वरपासून खालपर्यंत एका उभ्या रेषेतले नोड घे आणि प्रेशर खोलीसमोर प्लॉट कर. भार गेला की दबलेली जाळी परत फुगते आणि पाणी आत ओढते, तेव्हा थोडं निगेटिव्ह खरंच येतं, पण ते सलग पाच-सहा थरात एकाच बाजूला असतं आणि हळूहळू शून्याकडे जातं. थर बदलला की चिन्ह बदलत असेल तर ती मेशची करणी. त्याने प्लॉट पाठवला, सुरुवातीचे सात थर शून्याच्या खाली, एक गुळगुळीत रेष. "याला हात लावू नको," एवढंच कळवलं.